दुसऱ्या बाजूची अकरा मिनिटं

मी कॅसेट बोलतेय. हसू नका. जन्मभर माझ्या पोटातून दुसऱ्यांचेच बोल बाहेर पडले, म्हणून हिला स्वतःचं काही म्हणायचं नसणार, असं सगळे धरून चालतात. आहे ना म्हणायचं! लोखंडी कपाट, चौथा खण, क्रमांक सत्तेचाळीस हा माझा पत्ता. इथं पडल्या पडल्या मला दुसरा उद्योग तरी काय आहे?

नव्वद मिनिटांची आहे मी. पंचेचाळीस एका बाजूला, पंचेचाळीस दुसऱ्या. आम्ही दहा जणी एका खोक्यातून दुकानात आलो. एकीच्या नशिबी कुणाच्या तरी लग्नातली भाषणं आली. दुसरीच्या पदरात गाण्याची शिकवणी पडली. तिसरी एका विमा एजंटाच्या गाडीत काचेजवळ राहिली आणि उन्हानं वाकडी होऊन गेली बिचारी. मला विकत घेतलं एका चष्मेवाल्या बाईनं.

या बाईंच्या काखेत कायम एक जाड वही असायची, म्हणून सगळे त्यांना वहीवाली म्हणायचे. काम काय, तर भाषा जपायची. मोठ्या भाषा नव्हेत हो. ज्या भाषेची माणसं एका बसमध्ये मावतील, आणि तरी दोन-चार सीट रिकाम्या राहतील, अशा भाषा. त्या लिहून घ्यायच्या, टेप करायच्या आणि सरकारी भाषासंस्थेच्या कपाटात नीट ठेवायच्या. त्यांच्याबरोबर संस्थेचा एक ध्वनिमुद्रण करणारा असायचा. त्याला भिंतीपलीकडच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू यायची, म्हणून तो कानसेन.

हे दोघं मला घेऊन गेले ते एका इस्त्रीच्या दुकानात. दुकान म्हणजे काय, घराचीच पुढची खोली. एक लांब टेबल, त्यावर चौपदरी घोंगडी, भिंतीला टेकून धुतलेल्या कपड्यांची गाठोडी. टेबलामागे मावशी उभी. ती भाचीची मावशी, म्हणून गल्लीची मावशी, आणि मग माझीही मावशीच.

"पंखा बंद करावा लागेल, मावशी," कानसेन म्हणाला. "घरघर येते."

"पंखा बंद, तर मी पण बंद," मावशी म्हणाली. "आणि हात थांबणार नाहीत माझे. संध्याकाळी लोक शर्ट न्यायला येतील, त्यांना काय भाषा घालू अंगात?"

शेवटी पंखा बंद झाला, इस्त्री चालू राहिली. म्हणून आजही माझ्या अंगावर प्रत्येक चार शब्दांमागे इस्त्री टेकल्याचा एक ठोका आहे. कानसेनला तो खटकायचा. मला आवडतो.

मावशीची माणसं मूळची नदीच्या वरच्या अंगाची. धरण झालं तेव्हा वस्ती उठली आणि चाळीसेक घरं चार दिशांना पांगली. पोरं शिकली, नोकऱ्यांना लागली, मोठी भाषा बोलू लागली. ती जुनी भाषा घडाघडा बोलणारे दोघंच उरले होते. एक मावशी आणि दुसरा तिचा चुलतभाऊ. तो न्हावी होता, आणि भाची त्याला मामा म्हणायची. हे बहीणभाऊ रविवारी भेटले की चहाच्या कपावरून कडाकडा भांडायचे, आणि भांडण त्याच भाषेत व्हायचं. तेवढीच काय ती त्या भाषेची चैन.

भाचीला ती भाषा येत नव्हती. त्याला कारण होतं, आणि ते मावशीनं माझ्या पहिल्या बाजूवर स्वतःच सांगून ठेवलंय.

भाची तीन वर्षांची असताना तिची आई गेली, आणि मावशीनं तिला पोटाशी धरलं. पोर सात वर्षांची झाली तेव्हा रेडिओवरची काही माणसं गल्लीत आली. गोड गोड बोलून त्यांनी मावशीकडून त्या भाषेत चार वाक्यं वदवून घेतली. मावशी फुशारली, गल्लीभर सांगत सुटली की अमुक वारी ऐका. वार आला. ती वाक्यं लागली एका विनोदी कार्यक्रमात. मध्ये मध्ये कोंबड्यांचे आवाज घातले होते, आणि मागे माणसं खदाखदा हसत होती. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळा वर्ग भाचीच्या मागे तसाच ओरडत फिरला. घरी येऊन ती म्हणाली, "मावशे, पुन्हा माझ्याशी असलं बोलायचं नाही. कधीच नाही." आणि मावशी पुन्हा बोलली नाही.

हे सांगून झाल्यावर मावशीनं इस्त्री उभी करून ठेवली. वहीवालीकडे वळून म्हणाली, "म्हणून आधीच सांगते. माझ्या तोंडून निघालेलं माझ्या तोंडाला विचारल्याशिवाय कुणाला ऐकवायचं नाही. दर वेळी विचारायचं. तुम्हांला ऐकायचं असेल तरी."

"शब्द देते, मावशी," वहीवाली म्हणाली. आणि बाई शब्दाची पक्की. तिथंच फॉर्म काढला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: ऐकण्यासाठी प्रत्येक वेळी बोलणाऱ्या व्यक्तीची समक्ष परवानगी आवश्यक.

त्याखाली एक रकाना होता. व्यक्तीच्या पश्चात परवानगी कोणाची?

कानसेन हळूच म्हणाला, "बाई, हेही विचारून टाका."

"अरे, असं कसं विचारू?" वहीवाली पुटपुटली. "धडधाकट बाई समोर उभी आहे, आपल्यासाठी चहा टाकलाय तिनं. तिला म्हणू, तुम्ही गेल्यावर काय? बरं दिसतं का ते?"

आणि तिनं त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. चांगुलपणानंच मारली. वाईट माणसानं तो प्रश्न सरळ विचारला असता आणि पुढचं सगळं टळलं असतं.

पहिल्या बाजूवर मावशीनं एकेक शब्द सांगितला आणि शेजारी मोठ्या भाषेत त्याचा अर्थ. नात्यांची नावं, नदीच्या वळणांची नावं, कापडाला पाणी मारायचं, घडी घालायची, या सगळ्याचे शब्द. दुसऱ्या बाजूवर तिनं पुराची एक गोष्ट सलग सांगितली. मग फॉर्मची दुसरी प्रत काढायला दोघं कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले. जाता जाता कानसेन म्हणाला, "मशीन चालूच राहू दे, मावशी. काही आठवलं तर बोलून ठेवा."

ते गेले. थोडा वेळ नुसती इस्त्रीच चालली. मग मावशी माझ्याकडे बघत, अगदी हलक्या आवाजात, त्या भाषेत बोलायला लागली. माझ्याशी नव्हे. भाचीशी.

ते बोलणं मला समजलं. अंगावर जे कोरलं जातं ते समजतंच. आता ते तुम्हांला सांगणं म्हणजे फॉर्म मोडणं आहे, ठाऊक आहे मला. पण निदान एका कुणाला तरी ते कळलेलं असू द्या.

मावशी म्हणाली, पोरी, तुला वाटतं मी तुझ्यावर रुसले म्हणून बोलायची थांबले. तसं नाही गं. मला भीती वाटली. रेडिओवाल्यांपुढे तोंड उघडलं मी, आणि हसं झालं तुझं. तुझी आई जाताना म्हणाली होती, हिला दुसरं काही दिलं नाहीस तरी चालेल, पण आपली भाषा दे. तेवढंच मागितलं तिनं, आणि तेवढंच मी दिलं नाही. मग मी काय करायचे, ठाऊक आहे? तू झोपलीस की तुझ्या उशाशी बसून आपल्या भाषेत बोलायचे. दिवसभरात काय झालं ते सांगायचे. तुझ्या आईच्या खोड्या सांगायचे. झोपेत तू हुंकार द्यायचीस. मला वाटायचं, कुठंतरी मुरत असेल. आता तू शिक्षिका झालीस. जागेपणी सांगायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून या डबड्यात ठेवतेय. कधी शिकलीस तर ऐकशील.

असं ती अकरा मिनिटं बोलली. मध्ये दोनदा थांबली, नाक पुसलं, एक शर्ट घडी करून ठेवला.

दोघं परत आले. कानसेननं विचारलं, "काही बोललात का, मावशी?"

"छे! एकटी बाई काय कपड्यांशी बोलणार?"

कानसेननं माझ्या वेष्टणावर लिहून टाकलं: बाजू दोन, शेवटी अकरा मिनिटं, फक्त इस्त्रीचा आवाज.

नंतर वहीवाली आठ वेळा मावशीकडे आली. दर वेळी समोर बसून परवानगी मागायची, मग मला लावायची. अशी पहिली बाजू तिनं उतरवून काढली. दुसरी घेणार तोच तिची बदली दूरच्या शाखेत झाली. मी या कपाटात आले. पुढं वर्षानुवर्षं मला हात लागला नाही. खाली-वर माझ्यासारख्याच भाषा भरलेल्या. एकमेकींशी काय बोलणार? जिची तिची भाषा वेगळी.

मधल्या काळात मावशी गेली. मला कुणी कळवलं नाही. कॅसेटला कोण कळवणार?

मला ते कळलं थेट भाची आली तेव्हा. आमच्या खोलीचे अभिलेखपाल म्हणजे किल्लीकाका. कमरेला चौदा किल्ल्या, मनानं लोण्यासारखे मऊ, पण कागदापुढे दगड. त्यांच्या टेबलासमोर ती येऊन बसली, शेजारी मामा. मामा धापा टाकत होता. दमा होता त्याला, आणि आमची खोली दुसऱ्या मजल्यावर.

"सरकारचं नवं धोरण आलंय," भाची सांगत होती. "लहान भाषांच्या मुलांना पहिली तीन वर्षं रोज एक तास त्यांच्या भाषेत शिकवायचं. आमच्या शाळेत आमच्या वस्तीची अकरा पोरं आहेत. मी शिकवायची तयारी दाखवलीय. पण पुस्तक करायचं तर ते संस्थेतल्या नोंदलेल्या मुद्रणांवरूनच करायचं, असा नियम आहे. माझ्या मावशीची कॅसेट तुमच्याकडे आहे."

किल्लीकाकांनी माझा फॉर्म काढला. वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून पुसला.

"ताई, यात समक्ष परवानगी लिहिलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांनी स्वतः येऊन हो म्हणायचं."

"काका, मावशी जाऊन दोन वर्षं झाली."

"हो ना. आणि पश्चात कोण, तर तिथं रेघ आहे."

"तिनंच वाढवलंय मला. मला नाही तर कुणाला हक्क आहे?"

"ताई, माझं मन म्हणतं द्या. पण हा कागद काही मनाचं ऐकत नाही."

तेव्हा मामानं दम घेत टेबलावर हात ठेवला. "साहेब, तिला नुसतं ऐकून काय कळणार आहे? ती ऐकेल, मी शेजारी बसून अर्थ सांगेन. माझ्याशिवाय आता कुणी नाही सांगणारं. आणि माझं म्हणजे बघा, पिकलं पान. तेव्हा जे काय करायचं ते जरा लवकर करा."

मी कपाटात तळमळत होते. चार हातांवर ती बसली होती. अगं, तुझ्यासाठीच आहे ते, माझ्या दुसऱ्या बाजूला, शेवटी! पण मशीनशिवाय माझा आवाज निघत नाही. तोंड असून मुकी, अशी माझी गत.

भाचीनं समितीकडे अर्ज केला. समितीला नावं ठेवायला मी तयार नाही. तिच्यात लहान भाषांची माणसं होती, आणि बहुतेकांनी पूर्वी असं हसं सोसलेलं. परवानगीचा नियम त्यांनीच भांडून मिळवला होता. ते म्हणाले, आज चांगल्या कामासाठी मोडला तर उद्या वाईट कामासाठी मोडतील. खोटं काय होतं त्यात? मावशी जिवंत असती तर तिनंही मान डोलावली असती. पण घोडं पेंड खात होतं ते इथंच.

पहिली बैठक गणसंख्येअभावी तहकूब झाली. दुसऱ्या बैठकीत वाद रंगला की नुसती नक्कल काढणं हे ऐकण्यात मोडतं की नाही. म्हणून कानसेनला बोलावलं. आता त्याचे केस पांढरे झाले होते आणि, दैव बघा, एका कानात यंत्र आलं होतं. त्यानं मला उजेडाकडे धरलं, हुंगलं आणि म्हणाला, "हिला बुरशी धरायला लागलीय. आधी हवा थंड करा, नाहीतर परवानगी येईल आणि हीच नसेल."

झालं! सगळ्यांची एकच धावपळ. दोन महिन्यांत आमच्या खोलीला थंड हवेचं यंत्र बसलं. अहोरात्र एकवीस अंश. किल्लीकाका भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायला लागले. माझ्याजवळ ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या. दर सोमवारी माझी तब्येत एका वहीत लिहिली जायची. मामा तिकडे तिसऱ्या मजल्यावर पत्र्याखाली राहत होता. त्याच्या छातीची नोंद कोण घेणार? त्याला क्रमांक नव्हता ना.

तिसऱ्या बैठकीत वाट निघाली. बोलणारी व्यक्ती हयात नाही, वारस नोंदलेला नाही, तर त्या समाजाच्या सगळ्या घरांची संमती आणा. एकेचाळीस घरं, चार दिशांना. भाची शाळा सुटली की बसनं निघायची, आणि मामा बरोबर. त्याच्याशिवाय तिला कुणी दार उघडत नव्हतं. त्यानं वस्तीतल्या प्रत्येकाची दाढी केलेली.

चौतीस सह्या झाल्या तेव्हा दोघं कागद द्यायला आले. मामा जिन्यातच दोनदा बसला, असं भाचीनं सांगितलं. खोलीत आल्यावर थंडी लागली तसा म्हणाला, "वा! कॅसेटबाईंचा थाट आहे बुवा. आम्हांला पण ठेवा इथं एका खणात."

किल्लीकाका हसले. मामानं भाचीकडे बोट दाखवलं. "बघा ना हो, ही माझी भाची. चार महिने माझ्याबरोबर बसमधून हिंडतेय. सह्या शिकली सगळ्यांच्या. भाषेचं एक वाक्य शिकली नाही. मी म्हणतो, बाहेर बघ, ते झाड दिसतंय ना, त्याला आपण काय म्हणतो सांगू? तर म्हणते, मामा, थांबा, यादीत पुढचं घर कुठलं?"

"मामा, तुम्ही पण ना!" भाची म्हणाली. "परवानगी मिळाली की रीतसर शिकायचंच आहे. आत्ता अर्धवट काहीतरी शिकून ठेवलं आणि चुकीचं शिकवलं तर? एकदा कॅसेट हातात आली की तुम्ही, मी, वही घेऊन व्यवस्थित बसू."

"बसू," मामा म्हणाला. "बसू की."

भाचीला दोष देऊ नका. शिक्षिका ती. प्रत्येक गोष्ट पहिल्या पानापासून करायची सवय. आणि मला वाटतं, आत कुठंतरी भीतीही असावी. सात वर्षांची असताना नको म्हटलेली भाषा मामाच्या तोंडून घेण्याआधी तिला मावशीच्या तोंडून घ्यायची होती.

एकेचाळीस सह्या पूर्ण झाल्या. चौथ्या बैठकीत समितीनं एकमतानं हो म्हटलं. किल्लीकाका नाचायचेच बाकी होते. त्यांनी फोन करून भाचीला सांगितलं, "झालं, ताई! फक्त पत्र निघू द्या."

पत्र मात्र निघेना. कारण बैठकीचं इतिवृत्त पुढच्या बैठकीत कायम झाल्याशिवाय कुठलंच पत्र बाहेर जात नाही, आणि पुढची बैठक सहा आठवड्यांनी. भाचीनं विनवलं, "काका, मामांना दवाखान्यात ठेवलंय. श्वास पुरत नाही. मशीन घेऊन तिकडे येता का? पत्र मागाहून येईल." किल्लीकाका फोन टेबलावर तसाच ठेवून उठले. कमरेची किल्ली त्यांनी हातात घेतली होती, ते माझ्या छोट्या खिडकीतून दिसत होतं मला. कपाटापर्यंत आले. मग परत गेले. "दोन वर्षं सगळं नियमानं केलंत, ताई. आता थोड्या आठवड्यांसाठी नका बिघडवू," एवढंच बोलले.

मामा बैठकीच्या आदल्या आठवड्यात गेला. पत्र त्यानंतर नऊ दिवसांनी निघालं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

ज्या दिवशी मला बाहेर काढलं त्या दिवशी टेबलाभोवती चौघं होते. भाची, किल्लीकाका, कानसेन, आणि दूरच्या गावाहून मुद्दाम आलेली वहीवाली, आता निवृत्त. ती आल्या आल्या भाचीचे हात धरून म्हणाली, "ती रेघ मी मारली गं. मला विचारायची लाज वाटली. माफ कर म्हणायलासुद्धा तोंड नाही मला." भाचीनं खुर्ची पुढं केली.

कानसेननं माझी नवी डबी करून, फीत अलगद तिच्यात घातली होती. कुठं तुटले नाही, कुठं चिकटले नाही. पहिली बाजू स्वच्छ वाजली. इतक्या वर्षांनी मावशीचा आवाज त्या खोलीत घुमला, तेव्हा भाचीनं दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं. शब्द, अर्थ, इस्त्रीचा ठोका. शब्द, अर्थ, ठोका. ती भराभर लिहून घेत होती.

दुसरी बाजू लागली. पुराची गोष्ट संपली. कानसेननं वेष्टण बघितलं आणि बटणाकडे हात नेला. "पुढं नुसती इस्त्री आहे."

"राहू द्या," भाची म्हणाली. "तिची इस्त्री आहे. ऐकते."

आणि मग ते बोलणं सुरू झालं. हलक्या आवाजातलं. पहिल्याच वाक्यात मावशीनं भाचीचं लहानपणीचं लाडाचं नाव घेतलं. भाचीची पेन्सिल थांबली.

"माझ्याशी बोलतेय," ती म्हणाली. "बाई, माझ्याशी बोलतेय ती! काय म्हणतेय?"

वहीवाली पुढं वाकली. डोळे मिटले. तिनं त्या भाषेवर दोन लेख लिहिले होते, पण एकेक शब्द समोर ठेवून, अर्थ विचारून विचारून. धावतं बोलणं तिला कधीच येत नव्हतं. "तुझी आई," ती म्हणाली. "मग काहीतरी… देणे. झोप. पुन्हा झोप. पुढं… पुढं नाही गं कळत मला. फार भरभर बोलतायत त्या."

"पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. चार वेळा लावलं. तुझी आई, देणे, झोप. त्यापलीकडे गाडी सरकेना. कानसेननं कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. मावशी रडतेय तेवढं सगळ्यांना कळत होतं. का, ते फक्त मला कळत होतं, आणि माझ्याजवळ सांगायला मावशीचेच शब्द होते.

भाची किल्लीकाकांकडे बघून म्हणाली, "मामांना पाच मिनिटांत कळलं असतं." ती ओरडली नाही. तिनं ओरडायला हवं होतं.

आता माझी नक्कल संगणकात आहे. कानसेन म्हणाला, या मुद्रणाइतकं सुरेख जतन झालेलं दुसरं मुद्रण संस्थेत नाही. आमच्या वार्षिक अहवालात माझा फोटो छापलाय. शाळेत तो एक तास सुरू झाला. अकरा पोरं पहिल्या बाजूवरचे शब्द म्हणतात, नात्यांची नावं, नदीची वळणं. शब्द येतात त्यांना. बोलता येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि मी, मूळ प्रत, कपाटात. आता मला पुन्हा वाजवायचं कुणाला कारण नाही.

एक सांगते, म्हातारीचं ऐका. तुमच्या घरात, शेजारात अशी एखादी भाषा बोलणारं कुणी असेल, तर माझ्यासारखीला आणायच्या आधी स्वतः जाऊन त्याच्याजवळ बसा. चुका करा, तो हसेल, हसू द्या. कागद मागाहून होतात. थंड खोलीसुद्धा मागाहून होते.

भाची अजून येते, दर गुरुवारी शाळा सुटल्यावर. कानांवर हेडफोन चढवून संगणकापुढे बसते आणि ती अकरा मिनिटं ऐकते. ऐकून ऐकून आता ती तिला तोंडपाठ झालीत. अर्थ ठाऊक नाही, पण चाल, चढउतार, श्वास, सगळं मावशीचं. किल्लीकाका फायली बाजूला सारून ऐकत बसतात आणि ती डोळे मिटून म्हणत जाते. शेवटचं वाक्य तेवढं तुम्हांला सांगायचं राहिलं होतं माझ्याकडून. मावशी तिथं विचारते, "कळलं ना गं तुला?" आणि उत्तराची वाट बघितल्यासारखी थोडा वेळ थांबते. भाचीही ते वाक्य तस्संच विचारते, त्याच मायेनं, आणि मावशी थांबली होती तेवढाच वेळ थांबते.